गरम पावाचं वजन

२ डिसें., सोम.
मैद्याचा भाव पुन्हा चढला. जेलच्या कचेरीतून दरवाढीच्या अर्जाचं उत्तर आलं: मार्चपर्यंत ठरलेल्या दरातच पाव द्यायचा, नाहीतर अनामत जप्त. इथे गाझियाबादच्या नव्या कॉलन्यांतली दुकानं आता कंपनीचा कापलेला ब्रेड ठेवतात. आमच्या बेकरीला गिऱ्हाईक उरलं ते जेलच.
संध्याकाळी पोथीत लक्ष नव्हतं. सौ. म्हणाली, "अहो, लोक जेलमधून सुटायला देवाला साकडं घालतात, आणि तुम्ही जेल सुटू नये म्हणून!" हसलो.

५ डिसें., गुरु.
इक्बाल मिस्त्री इतकी वर्षं भट्टीवर आहे, कधी वावगं बोलला नाही. आज चाचरत म्हणाला, "बाबूजी, पेड़ा थोड़ा छोटा काट लेते हैं. और ठंडी मत होने दो. गरम डबलरोटी भारी होती है, गेट पर तौल पूरा आएगा."
पेड़ा म्हणजे मळलेल्या मैद्याचा गोळा. आणि वजनाचं म्हणाला ते खरं आहे. निवताना वाफ जाते, वजन उतरतं. तरी आम्ही आधी जाळीवर निववतो, मगच भरतो. गरम भरला तर पाव खालून ओला होतो.
नाही म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही. तो समजला.

६ डिसें.
पाव गरमच भरून नेला. काटा बरोबर. गेटवरचा हवालदार खूश. "आज तो बड़ी खुशबू है, लालाजी!"

९ डिसें., सोम.
भट्टीतून निघालेला पहिला पाव दत्ताच्या तसबिरीपुढे ठेवायचा, ही बेकरी सुरू केल्यापासूनची रीत. आज हाताला जड लागला. इक्बालला विचारलं.
"वो तो भगवान का है. पुराने वज़न का. उसमें कमी कैसे करता?"
त्याने श्रद्धेनेच केलं, दुसऱ्याच्या देवासाठी. हात जोडले, पण तसबिरीकडे बघवेना.

१६ डिसें., सोम.
टेम्पोतले ट्रे कैदीच उतरवून घेतात. मी सवयीने मराठीत मोजत होतो, तर एकाने दबक्या आवाजात विचारलं, "शेठ, कुठले तुम्ही?" धुळ्याकडचा ट्रक ड्रायव्हर. खटला उभाच राहत नाही म्हणाला. मग:
"पाव चांगला होता हो तुमचा. अर्धा सकाळी चहाला, अर्धा रात्रीच्या डाळीला ठेवायचो. आता ठेवला की चिकट होतो, आंबूस वास मारतो. कारागीर बदलला का?"
"हो," म्हणालो.
इक्बाल वर टेम्पोत उभा राहून ट्रे खाली देत होता. "क्या कह रहा है, बाबूजी?"
"कुछ नहीं. गाँव की बात."
परतताना इक्बालने शेंगदाण्याची पुडी पुढे केली. घेतले. चावत राहिलो.

१७ डिसें.
सौ.ला सगळं सांगितलं. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मग उद्यापासून नीट द्या. बंद पडायचं तेव्हा पडेल."

१८ डिसें., बुध.
पूर्ण वजनाचा, जाळीवर निववलेला पाव घेऊन गेलो. हवालदाराने हात लावला.
"ठंडी क्यों है? कल की है?"
दाबून बघा म्हणालो. काट्यावर घ्या म्हणालो.
"रोज़ गरम आती है, आज ठंडी. हमें पागल समझा है? वापस ले जाओ. कल गरम नहीं आई तो ऊपर लिखकर भेजूँगा."
अख्खा टेम्पो परत. ट्रकवाला आत दाराशी उभा होता, नजर दिली नाही. आज आत त्यांना पावाऐवजी काय दिलं असेल—
येताना फ्लॅट्सच्या बांधकामावरच्या मजुरांना पाव वाटला. चांगला झाला होता, त्यांनी तिथेच खाल्ला. पण असा रोज भाजायला मैदा कुठून आणू. आणि गरम भरला तर आत जाऊन पुन्हा तसाच चिकटणार.
इक्बाल घरी जाताना दारात थांबला. "तो कल पेड़ा कितने का काटूँ?"
पहाटे सांगतो म्हणालो.