कापितानची वेणीफणी

माकुसानी, १९ जून

आदरणीय एवारिस्तोमामा,

आठ महिने पत्र नाही, क्षमा असावी. (‘वेळ मिळाला नाही’ असं लिहून खोडलं. वेळ होता, आळस होता.) गुडघे कसे आहेत?

तुम्ही भेट दिलेल्या कापितानची आज तपासणी झाली. सुरी जातीचा अल्पाका म्हणून नोंद झाली तर तो गावाच्या कळपात पैदाशीचा नर. नाही तर खाटीक. मी पहाटेपासून उपाशी. पण सासूबाईंनी, म्हणजे दोन्या सातुर्निनांनी, सत्तर वर्षांत फक्त हुआकाया जात पाहिलेली, कापसाच्या गोळ्यासारखी फुगलेली. सुरीच्या लोंबत्या, पिळदार बटा म्हणजे त्यांच्या मते निव्वळ हेळसांड. त्यांनी काल त्याला विंचरला.

निरीक्षकांनी दात पाहिले, खालचे वरच्या हिरडीला नीट टेकलेले. कान भाल्याच्या पात्यासारखे ताठ. पायांची दोन-दोन बोटं शाबूत. मग दोन पावलं मागे सरून म्हणाले, “हा तर हुआकाया! तोही अर्धवट.”

“अर्धवट कसा? दोन तास विंचरलाय!” सासूबाई कडाडल्या.

“सुरीला विंचरलं, आजी?”

“मग? साहेब येणार आणि हा झिपऱ्या सोडून उभा? घरात बाईमाणूस आहे की नाही, असं म्हणाला नसतात का?”

सारं गाव हसलं. निरीक्षकांनी खांद्यावरची लोकर फाकवली: आत हुआकायासारखी एकही नागमोड नाही, नुसती रेशमी चमक. ते घुटमळले आणि बादलीभर पाणी मागवलं. पाणी ओतताच कापूस बसला, बटा लोंबल्या! कापितानने संतापून त्यांच्या टोपीवर हिरवा रवंथ थुंकला. टोपी पुसत त्यांनी लिहिलं: ‘सुरी. नर. पचन उत्तम.’

मग आम्ही त्याला पोत्यांनी पुसून उन्हात उभा केला, कानांत लाल गोंडे बांधले. सासूबाई मक्याची आंबवलेली चिचा पिऊन त्याच्याभोवती नाचल्या. मीही नाचलो (वाईट).

तुमचा,
फिदेन्सियो

ता.क. त्याला सुरी मादी मिळेल का? पत्राचा मूळ हेतू हाच, हे आत्ता लक्षात आलं.

पुन्हा ता.क. वर लिहिलेलं खरं आहे, पण पुरं नाही. विंचरताना कापितानची मान मी धरली होती. “डावी बाजू राहिली,” हेही मीच म्हणालो. आज गाव सासूबाईंना हसलं तेव्हा मीही हसलो. त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

उद्या: चार लोकांदेखत सासूबाईंची माफी मागणे.