सावलीत वाळवायचं बी

प्रिय आत्या,

"कोरडवाहूवाल्यांनो, पाणी आपल्या शिवाराजवळून जातं आणि आपल्याला विचारतही नाही!" हे माझं वाक्य तुला पाठ होतं. उद्या कळवणच्या सभेत तेच गर्जायचं होतं. त्याआधी तुझ्याजवळ एक कबुली द्यायची आहे, म्हणून हे पत्र.

पेरणीआधी तू गुळाच्या पाण्यात जिवाणू खताची दोन पाकिटं कालवून बाजरीच्या बियाण्याला चोळत होतीस. मी हसलो, "आत्या, बियांचं बारसं करतेस का?"

"हस! तुझ्या भाषणानं एक तरी कोंब वर आलाय का?"

वाळत घातलेल्या बियांनी ओसरी भरली, तेव्हा उरलेलं बी माझ्याकडे दिलंस. "सावलीत पसर. जीव हाय त्यात, उन्हात मरतो."

मला सभेची घाई! मी ते पत्र्यावर रणरणत्या उन्हात टाकलं. तू विचारलंस, "सावलीतच वाळवलं ना?" मी म्हणालो, "हो."

तुझं बी बाभळीच्या अलीकडे पेरलं, माझं पलीकडे. पंधरवड्यात तू कायमची गेलीस. मग पावसानंही ओढ दिली.

काल वावरात गेलो. बाभळीपलीकडची बाजरी करपलेली. आणि अलीकडे? दमलेली, पण उभी! दुपारी गुंडाळलेली पानं संध्याकाळी उलगडली. एक रोप उपटलं, तर मुळांना मातीच्या बाह्या चढलेल्या! बोट लावलं, गार लागलं. डोळ्यांना न दिसणारे जीव मुळाशी राहतात, चिकट स्रावानं माती धरून ठेवतात, तिच्यात ओल राखतात. मुळानं त्यांना जेवू घालायचं, त्यांनी मुळाला तगवायचं. हे मी वाचलं होतं गं, पण बोटाला कधी लागलं नव्हतं. जन्मभर धरणांवर बोललो. मुळाभोवतीचं हे चिमूटभर धरण दिसलंच नाही!

शेजारी तुझी सून, सुमनवहिनी. "भाऊजी, खताच्या दोन पाकिटांतलं एक बनावट निघालं बघा. सगळं गाव म्हणतंय, पुढल्या साली कुणी नाय आणायचं."

आणि भरल्या मैदानात न अडखळणारा मी रोप घेऊन बांधाकडे वळलो!

आत्या, ते तापलेलं बी तू ओंजळीत घेतलं होतंस. तुला कळलं नसेल? मग का नाही कान पिळलास?

उद्याचं पहिलं वाक्य बदललंय. पाकीट खरं होतं, खोटं मी बोललो. हे सगळ्यांसमोर सांगेन, शब्द देतो. आणि गावोगाव निरोप धाडलाय: सभेला येताना आपल्या वावरातलं एक रोप मुळासकट उपटून आणा. माती झटकू नका!

तुझा भाषणवाला,
बाळू