गॅरेजची स्प्रिंग कोणी तोडली

३ मार्च, सकाळी ७.५०
गॅरेजच्या दाराची स्प्रिंग तुटली. केवढा तो आवाज! मी दाढी करत होतो, हनुवटीला कापलं. तसाच स्वयंपाकघरातल्या दारातून गॅरेजमध्ये धावलो तर सासूबाई हातात रिमोट धरून उभ्या, चेहरा पांढराफटक. बायकोला ऑफिसला निघताना खोळंबा नको म्हणून रोज सकाळी दार त्याच उघडून ठेवतात. आमच्याकडे राहायला आल्या त्याला चार महिने झाले, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलंय. सारखं एकच म्हणत होत्या, मी फक्त बटण दाबलं हो, उघडेना म्हणून परत दाबलं.
दार वीतभर वर जाऊन खाली बसलंय. वरच्या दांड्यावर दोन स्प्रिंगा, त्यातली डावी मधोमध तुटून दोन बोटं फट पडलीय. गाडी आत. बायको बसने गेली, दोन बस बदलून. जाता जाता आईला म्हणाली, तुला दहादा सांगितलं, बटण एकदाच दाबायचं. मग मला विचारलं, दोनदा दाबल्याने तुटते का रे?
मी म्हटलं, तसा ताण पडतो म्हणा.
असं का म्हणालो देव जाणे. तसं पाहिलं तर खोटं नाही. ताण कशानेही पडतो.

३ मार्च, सकाळी ८.३०
नुसती नोंद. गेल्या एप्रिलमध्ये दारवाला आला होता. त्याने मोटर सोडवली, दार हाताने अर्ध्यावर उचललं आणि सोडलं. धाडकन खाली. म्हणाला, साहेब, दोन्ही स्प्रिंगा थकल्यात, महिन्याभरात दोन्ही एकदम बदलून घ्या. मी म्हटलं, त्यात काय, मीच बदलतो.
त्याला आता अकरा महिने होतील. पण योजना कायम होती, आणि जे योजनेत आहे त्याला हलगर्जीपणा म्हणता येत नाही.
संध्याकाळी बायकोला सगळं सांगून टाकणार. नक्की.

३ मार्च, संध्याकाळ
सांगितलं नाही. बिचारी उभ्याने प्रवास करून आली होती. दमलेल्या माणसाला त्रास देऊ नये.

४ मार्च
निर्णय: दार स्वतः दुरुस्त करणार. एकदा दार उघडलं की कोणी तोडलं हा प्रश्नच उरत नाही. व्हिडिओ पाहिला. एक टकलू गृहस्थ अकरा मिनिटांत दोन्ही स्प्रिंगा बदलतो, वर हसतोसुद्धा. चार वेळा पाहिला. थिअरी पक्की झाली.
दाराच्या आतल्या बाजूला दारवाल्याचा स्टिकर आहे. छापलेला फोन नंबर, त्याखाली पेनाने गेल्या वर्षीची तारीख आणि ‘दोन्ही बदला’. पेनाचं तेवढं नखाने खरवडून काढलं. पुरावा वगैरे नष्ट केला असं नाही. घाणच दिसत होतं ते.

५ मार्च
स्प्रिंगा कोरड्या ठणठणीत, तांबूस गंज चढलेला. कोणीही पाहिलं तर म्हणेल, इथे कधी तेलाचा थेंब पडलेला नाही. म्हणून भरपूर तेल घातलं. घरात दुसरं नव्हतं, सासूबाईंच्या शिलाई मशीनचं घेतलं. अख्खी बाटली संपली. शिडीवरून उतरल्यावर लक्षात आलं की यातलं अर्धं तेल आपण तुटलेल्या स्प्रिंगला पाजलं.

६ मार्च
सासूबाई तेलाची बाटली शोधत होत्या. सापडली, पण रिकामी. गेल्याच आठवड्यात नवी आणली होती म्हणे. कधी संपवली ते काही केल्या आठवेना. बाटली हातात घेऊन स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, हल्ली माझ्या काही लक्षातच राहत नाही हो.
आणि मी, ह्या तोंडाने, म्हणालो: वयोमानाने होतं थोडं.
दुपारी जेवण गेलं नाही. संध्याकाळी गेलं.

७ मार्च
सासूबाईंनी थोरल्या मुलीला फोन केला. तिच्याकडे जायचं म्हणतात. इथे माझ्या हातून काही ना काही मोडतंच, असं म्हणाल्या. मी दाराआड उभा राहून ऐकलं.
थोरलीचं घर चार तासांवर. पाच बॅगा आणि शिलाई मशीन. बायको म्हणाली, गाडी बाहेर निघू दे, मग सोडते.
म्हणजे दार दुरुस्त झालं की सासूबाई जाणार, नाही झालं तर राहणार. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार तारखेपासून मी हत्यारांना हात लावला नाही तो आळस नव्हे. ती माया आहे.

९ मार्च
बायकोची आज दुसरी बस चुकली. मीटिंगला उशीर. घरी आल्यावर कपाट ज्या पद्धतीने लावलं त्यात सगळं आलं. राग निघाला आईवर. रिमोट टेबलावर का, कशाला हात लावतेस, काम करायला कोणी सांगितलंय तुला?
सासूबाईंनी रिमोट फ्रीजवर ठेवला, टाचा उंचावून, आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभ्या राहिल्या. सत्तरीची बाई, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. मी पेपर वाचत होतो. पेपर कालचा होता.
बस्स झालं. उद्या सकाळी चहाच्या वेळी कबूल करणार. दोघींसमोर.

१० मार्च
घरात साखर नव्हती. आणायला गेलो. परत येईपर्यंत बायको निघून गेली होती.

११ मार्च, दुपारी
मागवलेल्या नव्या स्प्रिंगा आल्या. दोन बोटं लांब निघाल्या. तुटलेली मोजताना मधली फटही मोजली गेली. हरकत नाही, लांब म्हणजे जास्त मजबूत.
आधी उजवी, न तुटलेली, उतरवायला घेतली. तिला अजून पीळ होता. व्हिडिओतला टकलू स्प्रिंगच्या टोकाशी असलेल्या भोकात लोखंडी सळई घालून पीळ धरून ठेवतो. सळई कुठून आणू? स्क्रूड्रायव्हर घातला. तोही लोखंडीच असतो. मग स्क्रू सैल केला.
पुढचं नीट आठवत नाही. स्क्रूड्रायव्हर हातातून सुटला, कानाजवळून सूं करून गेला आणि मागच्या भिंतीत घुसला. मी शिडीवरून खाली, फरशीवर बसलेलो.
सासूबाई धावत आल्या. माझा कान धरून मागून-पुढून पाहिला, डोकं चाचपलं, बोटं मोजली. आणि रडायलाच लागल्या. माझ्यापायी झालं हे, तुम्हाला काही झालं असतं तर पोरीला काय तोंड दाखवलं असतं मी?
जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर. मी म्हणालो, पाणी द्या.
मी गाढव आहे. (हे वाक्य नंतर खोडायचं.)

१२ मार्च
सासूबाईंनी स्वतःच स्टिकरवरचा नंबर पाहून दारवाल्याला फोन लावला. स्वयंपाकघराचं दार लोटून बराच वेळ बोलत होत्या. मग मला चहा आणून दिला आणि माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. कानाची काळजी असणार.

१४ मार्च
शनिवार. दारवाला आला. मी घरातल्या घरात टोपी घालून बसलो होतो, ओळखू नये म्हणून. त्याने माझ्या लांब स्प्रिंगा बाजूला ठेवल्या, आपल्या दोन काढल्या, दोन सळया घेतल्या, चाळीस मिनिटांत काम फत्ते. दार हाताने अर्ध्यावर नेऊन सोडलं. जागच्या जागी थांबलं. भिंतीतला स्क्रूड्रायव्हर पाहून एवढंच म्हणाला, साहेब थोडक्यात वाचले.
गेल्या वर्षीचा चकार शब्द नाही! बायको शेजारी उभी असून नाही! विसरला असणार, दिवसाला चार दारं बघतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.
जाताना म्हणाला, दर तीन महिन्यांनी तेल द्या आणि दार असं अर्ध्यावर सोडून बघा, खाली आलं तर मला बोलवा. बायको आईकडे वळून म्हणाली, ऐकलंस ना, आणि बटण एकदाच. सासूबाई म्हणाल्या, हो गं.
मला ते ऐकवेना. उद्या दहाला दोघी निघणार. त्याआधी सांगणार. साखर आहे, तपासली.

१५ मार्च, सकाळी ८
सांगितलं! बायको अंघोळीला गेली होती तेव्हा, सासूबाईंना, उभ्या उभ्या, न थांबता. दारवाल्याने गेल्या वर्षी बजावलेलं, स्टिकर, सगळं. त्या मशीन चादरीत गुंडाळत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, माहीत आहे मला. त्याने फोनवरच सांगितलं, मीच त्याला म्हटलं, घरात कोणासमोर बोलू नका.
मग तेलाचं सांगितलं.
तेव्हा मात्र हात थांबला. चादरीचं टोक धरून तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, म्हणजे ते तेल तुम्ही संपवलंत? माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं हो, जावईबापू. मला वाटलं, माझीही सुरुवात झाली. आठवडाभर डोळ्याला डोळा नाही माझ्या.
लाज वाटली, खरी लाज. म्हटलं, ती बाहेर आली की आत्ताच्या आत्ता तिला सांगतो.
तर म्हणाल्या, नको. माझ्यावर चिडली तर मी चाललेच आहे, विसरेल चार दिवसांत. तुमच्यावर चिडली तर तुम्हाला इथेच राहायचंय.
आणि चादरीच्या गाठीवर बोट ठेवायला सांगितलं. मी ठेवलं. त्यांनी गाठ घट्ट बांधली.

१५ मार्च, संध्याकाळी ७.३०
तरीही बायकोला सांगायचं मी ठरवलं होतं. पण वडीलधाऱ्या माणसाचा शब्द मोडू नये.
आत्ताच आली. आठ तास गाडी चालवून. रिमोटचं बटण एकदा दाबलं, दार आवाज न करता वर गेलं. चपला काढता काढता म्हणाली, वाटेत आई काही बोललीच नाही, मीही नाही बोलले. आणि सोफ्यावर बसून डोळे मिटून म्हणाली, जाऊ दे, आता दार तरी टिकेल, नाही का?
मी म्हणालो, हो.