टाकणखार म्हणून आणलेली पूड

आप्पा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती, ती आज लिहून काढतोय. तुम्ही होता तेव्हा सांगायचं म्हणून कितीदा जवळ येऊन बसलो, पण तुम्ही शेगडीवरून मान वर केलीत की शब्द आतल्या आत जिरायचे.

निजामाचं राज्य होतं, तिकडं महायुद्ध चाललं होतं, आणि आपल्या चारठाण्यातल्या दुकानात त्याची झळ लागली ती टाकणखाराच्या रूपानं. सोन्याचा सांधा जोडताना त्यावर टाकणखार घातला नाही तर जोड धरत नाही, हे तुम्ही मला फुंकणी हातात देण्याआधी शिकवलं होतं. गावात तो खडा हमखास मिळायचा तो आपल्याच घरी, म्हणून लेकराचं तोंड आलं की बायका आपल्या ओट्यावर यायच्या. तुम्ही खडा निखाऱ्यावर ठेवायचात, त्याची पांढरी लाही फुलायची, ती मधात खलून बोटाच्या टोकावर द्यायचात. कुणाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. त्या वर्षी डबीचा तळ दिसायला लागला. जिंतूरहून मी दोनदा हात हलवत परत आलो, तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, "बावीस वर्साचा झालास, एक खडा आणणं व्हईना तुला? आता परभणीला जा. न्हाई मिळाला तर तिकडंच ऱ्हा."

परभणीच्या बाजारात मी सकाळपासून फिरतोय. एक म्हातारा किराणावाला हसतो. म्हणतो, "आरं, तो माल हिमालयापल्याडच्या खाऱ्या तळ्यांतून येतो. मेंढरांच्या पाठीवरून खाली उतरतो, मग रेल्वेत चढतो. आता मालगाडीच्या समद्या वागिनी लढाईला लागल्यात. कुठून दिऊ?" शेवटी तोच मला औषधांच्या दुकानाकडं बोट दाखवतो. तिथला दुकानदार पत्र्याचा डबा काढतो. आत मऊ, पांढरी पूड. बोरिक. ही विलायतेहून येते, काचेच्या कारखान्यात लागते, लोखंडी भांड्यांवर चिनी मुलामा चढवायला लागते, डोळे धुवायलाही लागते, असं तो सांगतो. सोनाराचं काम होईल का विचारल्यावर मान हलवतो, "हो जाएगा." मग पुडी बांधता बांधता थांबतो आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणतो, "पन ये खाने की चीज नै. घर में सबको बोलके रखना." मी हो म्हणालो. ते हो अजून कानात आहे.

घरी पोचलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "मिळाला?" मी म्हणालो, "मिळाला. साफ केलेला हाय, म्हणून पूड दिसायलीय." एवढंच बोललो. खोटं बोलायचं असं ठरवून आलो नव्हतो. तुमचा चेहरा उजळलेला बघितला आणि तोंडातून निघून गेलं. तुम्ही ती पूड जुन्या डबीत ओतलीत. दुसऱ्या दिवशी एका बाईच्या हातातल्या सोन्याच्या गोठाचा सांधा नीट बसला, तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत, आणि मग ते बोलणं जास्तच अवघड झालं.

ताई तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली होती. पोरगं दोन महिन्यांचं. आठ दिवसांनी ती त्याला घेऊन दुकानात आली, "आप्पा, बघा की, ह्याचं तोंड आलंय. दूध वडंना." तुम्ही डबी उघडलीत. मी समोर बसून तार ओढत होतो. पूड निखाऱ्यावर ठेवल्यावर ती नेहमीसारखी फुलली नाही. वितळून काचेसारखी चिकट झाली. "आज लाही का फुलंना रे?" तुम्ही मला विचारलंत. आप्पा, तुम्ही मलाच विचारलंत. मी म्हणालो, "निखारा कमी आसंल." मग तुम्ही कोरडीच पूड मधात खललीत.

सकाळ-संध्याकाळ, चार दिवस. तिसऱ्या दिवसापासून ते ओकायला लागलं. चौथ्या दिवशी उकळत्या पाण्यातून काढल्यासारखं अंगभर लाल झालं, तळहातांची साल सुटायला लागली. बायका म्हणाल्या गोवर हाय, कुणी म्हणालं देवीचा कोप. दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले. मी दोन वेळा उठून तुमच्याजवळ आलो आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन परत गेलो. सहाव्या दिवशी दुपारी ताईच्या मांडीवर त्याला झटके आले आणि ते गेलं. तुम्ही स्वतः खड्डा खणलात. ती पूड मी ओढ्यात फेकली आणि सांडली म्हणून सांगितलं. त्यानंतरही बायका यायच्या, तुम्ही म्हणायचात, "माझ्या हाताचा गुण गेलाय, बाई." तुम्हाला काही कळलं होतं का, की नुसतं मन खचलं होतं, हे मला विचारता आलं नाही.

बऱ्याच वर्षांनी, तुमच्या माघारी, मी एका डॉक्टरला हे सगळं दुसऱ्या कुणाच्या घरी घडलं असं सांगून विचारलं. तो म्हणाला, त्या पुडीनंच गेलं असणार. मग म्हणाला, तान्ह्या लेकराला टाकणखारही देऊ नये, तेही त्याच जातीचं विष. आधीही किती लेकरांना बाधलं असेल कोण जाणे. मला ओट्यावरच्या त्या बायका आठवल्या.

ताई अजून आहे. तिला लिहायला बसलो होतो, पण तिची पत्रं तिचा नातू वाचून दाखवतो, म्हणून कागदावर तुमचं नाव घातलं. तुम्ही उलट विचारणार नाही. आणि एक राहिलं, आप्पा. त्या डॉक्टरकडून घरी येताना, तुमच्याही हातून असं घडलं असेल या विचारानं, मला बरं वाटलं होतं.