अंबाडीची चटणी

रोहा, ४ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
सप्रेम जयभीम.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते. कारखान्यात अचानक लघवीची तपासणी झाली. माझ्या नमुन्यात गांजाचा अंश निघाला. दुसऱ्या, अधिक अचूक चाचणीतही तोच. मी नियंत्रण कक्षात रिॲक्टरचं तापमान सांभाळते. तिथून मला त्याच दिवशी बाहेर काढलं. चौकशी १२ तारखेला आहे. दोषी ठरले तर नोकरी जाईल.

मी लिहून दिलंय की महिनाभर कॅन्टीनचं जेवण आणि आईने पाठवलेली अंबाडीची चटणी, यापलीकडे काही खाल्लेलं नाही. चटणीत काय होतं ते कळव. प्रमाणासकट.

काळजी करू नकोस असं लिहिणं खोटं ठरेल. लोभ तेवढा ठेव.

तुझी,
प्राप्ती

मुरुड, ६ फेब्रुवारी

चि. प्राप्तीस,
सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

पत्र वाचलं. आधी मनात नको ते आलं. तुझ्या हॉस्टेलच्या मानसीला फोन करून विचारलंसुद्धा, की ही तिथे काही ओढायची का. ती म्हणाली, काकू, ती साधा चहा तरी घेते का? माझी मलाच लाज वाटली.

दोन वाट्या बिया, सात मिरच्या, लसूण, मीठ अंदाजाने (तू असतीस तर तोललं असतंस), वर त्याच बियांचं तेल. मांडव्याच्या जेटीवर पौष्टिक खाण्याचा स्टॉल लागतो, तिथून घेतलं. पाकिटावर नुसतं 'हेम्प' होतं. तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई मी, घरी येऊन शब्दकोश उघडला. हेम्पपुढे छापलंय 'अंबाडी, ताग'. आपल्या अंबाडीची बी अशी गोल नसते, एवढं मनात आलं होतं गं; पण छापलेल्यावर शंका घेतली नाही.

काल तुझ्या दादाने मोबाइलवर पाहिलं आणि म्हणाला, आई, ही भांगेची बी! पाकीट त्याच्याबरोबर एस.टी.ने पाठवते. साहेबांना हवं तर मला बोलवायला सांग.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आई

रोहा, १३ फेब्रुवारी

ती. आईस,
सप्रेम जयभीम.

दादाने पाकीट वेळेत पोचवलं. कंपनीचे डॉक्टर म्हणाले, बी स्वतः नशेची नसते, पण नीट न धुतलेल्या बियांवर झाडाचा चीक राहतो आणि तेलातही उतरतो. मी रोज चार चमचे खात होते. त्यांना ते पटलं. पण कारण कळलं म्हणून आकडा पुसला जात नाही, असंही म्हणाले. महिन्याने पुन्हा तपासणी. तोवर मी स्टोअरमध्ये.

कागदावर सही मागितली: 'मी अंमली पदार्थाचे सेवन केले.' मी नाही म्हटलं. सेवन माणूस जाणूनबुजून करतो. माझ्या ते खाण्यात आलं. साहेब हसले, म्हणाले, मॅडम, एका शब्दाने काय बिघडतं? मी म्हटलं, सर, एका शब्दानेच मी या खुर्चीवर बसलेय. वाक्य बदलेपर्यंत उठले नाही. बदललं.

मानसीला विचारलंस, ते लागलं. मला विचारायचं होतंस.

एवढ्यात डबा नको पाठवूस. तू ये.

तुझीच,
प्राप्ती