इस्तूचोराची माफी

अंबाजोगाई
१९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बिभीषणमामांना सुकन्याचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचा फोन लावून लावून माझं बोट झिजलं. मग आठवलं, विजेचा डीपी, म्हणजे तुमचा ट्रान्सफॉर्मर, जळाल्यापासून तुमच्या वस्तीवर लाईट नाही आणि तुमचा मोबाईल चार्जिंगसाठी गावातल्या पानटपरीवर पडून असतो. म्हणून हे पत्र बजरंगच्या दुधाच्या गाडीवर धाडते आहे. उत्तरही त्याच्याचकडे द्या.

मामा, मी हवेत आहे! एम. ए.च्या प्रबंधाचा माझा विषय मंजूर झाला. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात काही तरुण कवी होते. राजे-महाराजांची मनमानी बघून त्यांचं रक्त उसळायचं, पण उघड बोललं की खटले व्हायचे. तेव्हा त्यांनी काय केलं, तर ग्रीक लोकांचं जुनं पुराण उघडलं. त्यात झ्यूस नावाचा देवांचा राजा आहे. आग फक्त आपल्याच ताब्यात राहावी, माणसं अंधारात कुडकुडावीत, असं त्याचं म्हणणं. प्रोमीथियस नावाच्या एकाने स्वर्गातली आग एका पोकळ दांड्यात लपवून माणसांना आणून दिली. झ्यूसने त्याला डोंगराला साखळदंडांनी बांधलं. रोज एक गरुड येऊन त्याचं काळीज खायचा आणि काळीज पुन्हा उगवायचं. माफी माग, सुटशील, असे निरोप यायचे. हा गडी काही वाकला नाही. या कवींना तो आपलाच माणूस वाटला. ते झ्यूसबद्दल लिहायचे आणि वाचणाऱ्याला बरोबर कळायचं की बोलणं कुणाबद्दल चाललंय.

आमचे सर म्हणाले, हे तर भारुडासारखं झालं, सोंग एक आणि बोलणं भलतंच. तेव्हा मला तुम्हीच आठवलात. चैत्र पुनवेला मेसाईच्या जत्रेत तुमच्या मंडळाची सोंगं असतातच. यंदा हे घ्या ना! माझी तोंडी परीक्षा नेमकी त्याच दिवशी आहे, मला येता येणार नाही, पण तुम्ही सगळं लिहून कळवाल.

संगीतामामींना नमस्कार, संस्कृतीला गोड पापा. भाचीवरची माया पातळ होऊ देऊ नका, ही विनंती.

तुमची लाडकी (तुम्हीच म्हणता)
सुकन्या


खालची वस्ती, युसूफ वडगाव
५ मार्च २०२५

चि. सुकन्यास मामाचे पोटभर आशीर्वाद.

पोरी, तुझं पत्र मी देवळापुढं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. निम्मी वस्ती ऊस तोडून नुकतीच परतलीय, पाय पसरून बसली होती. वाचून झालं आणि तात्याबा ओरडला, लई भारी हाय, हेच घ्यायचं! झ्यूस चालेल, पण तुझ्या त्या दुसऱ्याचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना. त्याचं नाव आम्ही इस्तूचोर ठेवलं. इस्तू म्हणजे विस्तव, हे तुला शहरात राहून विसरायला झालं असेल म्हणून सांगतो.

तालमी जोरात आहेत. पपईच्या पानाचा दांडा पोकळ असतो, त्यात कापूर पेटवून आग आणायची. इस्तूचोर मीच. गरुडाचं सोंग प्रविणला दिलं, सुपाचे पंख झकास झाले. पण पहिल्याच तालमीत घोटाळा झाला. प्रविण पंख फडफडवत माझं काळीज खायला आला आणि म्हाताऱ्या बायका उठून त्याच्या पाया पडायला लागल्या. विष्णूचं वाहन ना ते! भिवराबाईनं तर त्याच्या पायावर हळदकुंकू वाहिलं. मी खांबाला बांधलेला, माझ्याकडं कुणी बघेना. शेवटी गरुडाची घार केली. आता बायका प्रविणला शिव्या देतात.

आता खरी गोष्ट. आपल्याकडं राजाच्या सोंगाचा मान विजयसिंह मालकांच्या घराला आहे, हे तुला ठाऊक आहे. मुकुट त्यांच्या घरातल्याच माणसानं घालायचा. बांधलेल्याची गाठही राजानंच सोडायची, त्याशिवाय मेसाईची आरती होत नाही. आणि देवीपुढं सोंगात दिलेला शब्द मोडायचा नाही. तात्याबानं बळीराजाच्या सोंगात भरात येऊन आपली गाभण शेळी दान दिली होती, ती खरंच द्यावी लागली. त्याची बायको अजून त्याला ऐकवते. म्हणजे यंदा झ्यूस कोण, तर खुद्द विजयसिंह मालक!

आणि ते तयार झाले. का झाले ते ऐक. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत मी विचारलं होतं की नळाची पाईपलाईन मालकांच्या बांधावरच कशी थांबते, खालच्या वस्तीला पाणी का म्हून न्हाई. मालक हसले. सगळ्यांसमोर हसले. माझं डोकं फिरलं आणि तोंडून निघून गेलं की तुमच्या घरात दिवा लागणार न्हाई. पुढं आमचाच डीपी जळाला. नवा डीपी येऊन पडलाय, पण मालकांच्या गोठ्यात, ताडपत्रीखाली. बिभीषण चारचौघांत माफी मागेल त्या दिवशी तो खांबावर चढेल, असा त्यांचा निरोप आहे. म्हणून आमचं ठरलं. सोंगाच्या शेवटी इस्तूचोर राजाची माफी मागणार. मालक खूश, वस्तीला उजेड, माझी मान सोंगाखाली झाकलेली.

कशी आहे मामाची युक्ती? शाबासकी दे आणि माया आहे तेवढी राहू दे, व्याजाची अपेक्षा नाही.

तुझा
बिभीषणमामा


अंबाजोगाई
१४ मार्च २०२५

ती. मामांना सा. न. वि. वि.

शाबासकी? मामा, पत्र वाचताना आधी मी घारीवर हसून लोळले आणि शेवटी आले तेव्हा पत्र चुरगळून फेकलं. मग पुन्हा सरळ करून वाचलं, कारण अक्षर तुमचं होतं.

जुन्या ग्रीक कथेत शेवटी झ्यूसचा आणि त्याचा समेट होतो, असं जाणकार सांगतात. माझ्या कवींना नेमकं हेच खपलं नाही. छळणारा आणि छळ सोसणारा यांची अशी हातमिळवणी घडवायला त्यांच्यातल्या एकाने साफ नकार दिला आणि शेवटच बदलून टाकला. माझा सगळा प्रबंध या एका नकारावर उभा आहे आणि माझाच मामा तो पाडायला निघालाय! नाव बिभीषण ठेवताना आजोबांनी काय विचार केला होता? रावणाच्या तोंडावर खरं बोलणाऱ्याचं नाव ते.

रागावून झालं. आता एक गोष्ट सांगते, ती मात्र नीट ऐका. त्या बदललेल्या कथेत बांधलेला माणूस सुरुवातीलाच एक विलक्षण गोष्ट करतो. झ्यूसला त्याने पूर्वी एक भयंकर शाप दिलेला असतो. तो शाप तो स्वतःहून मागे घेतो. कुणाचंही वाईट होऊ नये असं आता त्याला वाटतं. पण आग आणली ही चूक झाली, असं मात्र तो कधीच म्हणत नाही. मामा, तुमच्या तोंडून ग्रामसभेत दोन गोष्टी निघाल्या होत्या, एक प्रश्न आणि एक शाप. कुणाच्याही घरात दिवा लागू नये असं म्हणणं वाईटच. ते बोलणं मालकांच्या आई छबुबाई आजींच्या कानावर गेलं असेल, त्यांना काय वाटलं असेल? शाप परत घ्या, मला आनंदच होईल. पण पाण्याचा प्रश्न विचारला याची माफी का मागायची?

लहान तोंडी मोठा घास घेतला. कान धरा, पण लोभ सोडू नका.

तुमची
सुकन्या


खालची वस्ती
२८ मार्च २०२५

चि. सुकन्यास अनेक आशीर्वाद.

कान धरत नाही. तू म्हणतेस ते बरोबर आहे, आणि त्याचाच राग येतो. तुझ्या कवींच्या टेबलावर निदान दिवा तरी होता. इथं माझी पोर संस्कृती चिमणीच्या उजेडात गणितं सोडवते, तिचे डोळे चुरचुरतात, नाकातून काजळी निघते. यंदा नववी, पुढच्या साली दहावी. शाप आणि प्रश्न वेगवेगळे करायला मालक काही तुझे सर नाहीत. त्यांना पूर्ण माफी पाहिजे. मी मागणार. तुझ्या मामीनं ऐकलं आणि ती दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही, पण भाकरी वेळेवर थापते आहे.

तुझी परीक्षा चांगली होवो. मामाला नावं ठेव, पण टाकू नकोस.

बिभीषण


खालची वस्ती
१६ एप्रिल २०२५

चि. सुकन्यास मामाचे ओंजळ ओंजळ आशीर्वाद!

कुठून सुरू करू? तुझी संगीतामामी शेजारी बसून म्हणते आहे की सुरुवातीपासून सांगा, उड्या मारू नका.

जत्रेला तोबा गर्दी. मालकांचा जनरेटर धडधडत होता. मालक मुकुट घालून खुर्चीवर बसले तेव्हा खरंच झ्यूस वाटले, मिशी तेवढी आपल्याकडची. त्यांच्या आई छबुबाई पहिल्या रांगेत, आरतीपर्यंत कडक उपास धरून. मी कापराची आग आणली, बायाबापड्यांनी टाळ्या पिटल्या. मला खांबाला बांधलं. प्रविण घार होऊन आला आणि भिवराबाईनं त्याला चप्पल फेकून मारली, इतकं सोंग रंगलं. मग मालक उठले आणि ठरल्याप्रमाणं म्हणाले, माग माफी.

सुकन्या, माफी माझ्या ओठांवर होती. देवीची शपथ, मी मागणारच होतो. समोर बघितलं तर छबुबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. भीती होती. मी काय बोलून बसलो होतो आणि ती म्हातारी पाच महिने काय घेऊन झोपत होती, ते मला तिथं, दोरीत बांधलेला असताना कळलं. आणि तोंड आपोआप उघडलं. मी म्हणालो, राजा, तुज्या घरात दिवा लागणार न्हाई असं मी बोललो हुतो, ते शब्द मी देवीम्होरं माघारी घेतो. तुज्या घरात दिवा लागू दे, पिढ्यान् पिढ्या लागू दे. पण इस्तू आणला त्याची माफी मी न्हाई मागत. तो सगळ्यांचा हाय.

मालक हळूच पुटपुटले की ठरलं तसं बोल बे. मी नकारार्थी मान हलवली. मालकांनी मुकुट काढला, खुर्चीवर आपटला आणि देवीकडं पाठ करून निघून गेले. सोंग पुरं न करता! लोक हवालदिल झाले. मी बांधलेला, गाठ सोडायला राजा नाही, आरती खोळंबलेली. तात्याबा म्हणायला लागला, आता बिभीषण पुढच्या जत्रेपर्यंत खांबालाच.

तेवढ्यात छबुबाई उठल्या. काठी टेकत वर आल्या. मान घराचा हाय, एकट्या इजयचा न्हाई, असं म्हणून त्यांनी तो बेगडी मुकुट पदरावरून डोक्यात घातला. आजवर बाईनं राजाचं सोंग घेतलेलं कुणी पाहिलं नव्हतं, पण त्यांना अडवायची छाती कुणाची? माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, इस्तू दिला. मग गाठ सोडायला लागल्या. त्यांची बोटं वाकडी, गाठ सुटेना. तुझी मामी पुढं झाली, भिवराबाई पुढं झाली, आणि बायकांनी मिळून मला सोडवलं. मी रडलो, लपवत नाही. आरतीला असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

सोंगात दिलेला शब्द! दुसऱ्या दिवशी सकाळी धूळ उडवत ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत डीपी आणि डीपीशेजारी पोत्यावर छबुबाई, त्याला एका हातानं धरून. लाईनमन खांबावर चढला, त्या खाली उभ्या राहून त्याला घाई करत होत्या. दुपारी वस्तीवर उजेड झाला. फोन चार्ज झालाय, पण हे सगळं फोनवर सांगितलं असतं तर तू मधे मधे किंचाळली असतीस, म्हणून बल्बखाली बसून लिहितो आहे. पाण्याचं अजून काही ठरलेलं नाही. पुढच्या ग्रामसभेत परत विचारणार, या वेळी शाप न देता.

तुझ्या परीक्षेचं कळव. माझा हट्टीपणा पोटात घाल, आणि जीव आहे तसाच लावत जा.

तुझा मामा
बिभीषण

ता. क. सुकन्याबाय, मी संगीता. मामांनी एक गोष्ट लिहायची टाळली, त्यांना ती सांगता येत नाही म्हणून मी लिहिते. लाईट आल्यावर छबुबाई आम्हाला घेऊन आपल्या घरी गेल्या. मामांना म्हणाल्या, बोललास ना, मग तुज्या हातानं माज्या देवापाशी दिवा लाव. मामा देवघरापुढं बसले, वात सारखी केली, तर काडेपेटी सापडेना. विजयसिंह मालक तिथंच भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी खिशातून आपली काडेपेटी काढली आणि मामांच्या हातात दिली. मामांनी दिवा लावला. हा समेट की नाही, ते तुझे कवी जाणोत, मला कळत नाही. पण या खेपेला इस्तू चोरावा लागला नाही, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. सुट्टीत ये. तुझ्यासाठी तूप कढवून ठेवलंय.