व्हर्नियरवरची दुसरी रेघ

जळगाव, मंगळवार, १२ जानेवारी १९९९

लेसर करून तीन वर्षं झाली. चष्मा गेला, पण माप घेताना डाव्या डोळ्याला व्हर्नियरवरची एक रेघ दोन दिसते. लेथ मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, पुस्तकं वाचून शिकलो. रेघ एक की दोन, हे मला कळतं. ज्यांनी लेसर केलं ते मुंबईचे डॉक्टर मात्र दर खेपेला, "तक्ता सगळा वाचलात, डोळा उत्तम," म्हणून परत पाठवतात. स्वतःची चूक झाकतायत, दुसरं काय?

म्हणून आज हिला घेऊन धुळ्याला नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी डावा डोळा तपासला. चौथ्या ओळीतच अडकलो. प्रत्येक अक्षराला जोडीदार. "भाऊ, मग मुंबईला शेवटची ओळ कशी वाचलीत?" मुंबईचे कागद चाळत त्यांनी विचारलं. बुबुळ पातळ होऊन पुढे येतंय म्हणाल्या.

एसटीत ही म्हणाली, "तठला तक्ता तुमले पाठ व्हता का? पाठ करानी भारी हौस शे तुमले."

होता. उजव्या डोळ्याने आधी वाचायचो, तेच डाव्याने म्हणून दाखवायचो. मुद्दाम? नाही बहुतेक. तक्ता समोर आला की परीक्षाच वाटते, आणि परीक्षेत अडखळणं मला जमत नाही. तरी त्या डॉक्टरांनी एकदाही तक्ता का बदलू नये? दर वेळी उजवाच डोळा आधी का? त्यांच्यावरचा संशय जात नाही, पण आता अर्धा माझ्यावर आहे.

दोन रेघा कधीपासून, असं बाईंनी विचारलं होतं. "दोनेक महिने," मी म्हणालो. दोन वर्षं झालीत, पण इतके दिवस का थांबलात, हे ऐकायचं नव्हतं. बुबुळ किती वेगाने पुढे येतंय, ते त्या यावरूनच ठरवणार. सकाळी एसटीडी बूथवरून फोन करून त्यांना खरं सांगतो.